लांब केसांवरचा खटला

बागेतल्या मातीत डोकं खुपसून एक मुलगा पडला आहे. साध्या कपड्यांतले दोन पोलीस त्याला धरून वर काढतात तेव्हा त्याचा चेहरा दिसतो. अर्धा निळा, अर्धा पिवळा रंगवलेला. तो काहीबाही बरळतो, झटापट करतो. १२ जानेवारी १९६७ च्या रात्री एनबीसी वाहिनीवरून हे दृश्य अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचलं. 'ड्रॅगनेट' ही १९५० च्या दशकात गाजलेली पोलीस मालिका मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली होती, या वेळी रंगीत, आणि पहिल्याच भागाचा विषय होता एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ. भाग संपतो तेव्हा तो मुलगा अतिसेवनाने मेलेला असतो आणि सार्जंट जो फ्रायडेच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नसते.

या भागावरून, आणि एकूणच त्या काळातल्या पोलीस मालिकांनी हिप्पींना ज्या तऱ्हेने दाखवलं त्यावरून, आजही वाद होतात. मला ते वाद अगदी चुकीच्या अंगाने चाललेले दिसतात. एका बाजूचे लोक ती दृश्यं बघून पोट धरून हसतात. रंगवलेला चेहरा, फ्रायडेची लांबलचक भाषणं, नकली दाढ्या. हा सगळा पोलिसी प्रचार होता, असं म्हणून ते मोकळे होतात. दुसरी बाजू संतापून विचारते, 'हसताय काय? त्या नशेत पोरं मेली की नाही? फ्रायडे म्हणाला तेच खरं झालं ना?' दोघंही एकाच प्रश्नाभोवती फिरतात : फ्रायडे अमली पदार्थांबद्दल बरोबर होता की चूक? माझ्या मते हा प्रश्नच गौण आहे. नशेबद्दल तो बऱ्याच अंशी बरोबर होता असं मी मान्य करतो. या मालिकांचा दोष वेगळा आणि जास्त खोल आहे. कायदा मोडणारा, स्वतःचं नुकसान करून घेणारा आणि नुसती रीत मोडणारा अशी तीन वेगवेगळी माणसं त्यांनी एकाच पोशाखात उभी केली, आणि तिघांवर एकच खटला चालवला.

हे कसं घडलं ते समजण्यासाठी मालिकेची घडण बघायला हवी. 'ड्रॅगनेट' १९४९ मध्ये रेडिओवर आली. जॅक वेब हा तिचा निर्माता, दिग्दर्शक आणि स्वतःच सार्जंट फ्रायडे. तिचा गाभा होता खरेपणाचा दावा. 'तुम्ही पाहणार आहात ती गोष्ट खरी आहे, निरपराधांच्या रक्षणासाठी फक्त नावं बदलली आहेत,' अशा अर्थाच्या वाक्याने प्रत्येक भाग सुरू होई. कथा लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातून येत, पटकथा पोलीस खात्याच्या नजरेखालून जात, आणि शेवटी आरोपीला भिंतीसमोर उभं करून त्याची शिक्षा वाचून दाखवली जाई. अर्ध्या तासाच्या त्या चौकटीत शेवटचा शब्द नेहमी सार्जंटचा. न्यायालयात निदान आरोपीचा वकील तरी असतो. इथे तोही नव्हता. आणि हे सगळं 'नाटक आहे' असं सांगून दाखवलं जात नव्हतं, 'खरं आहे' असं बजावून दाखवलं जात होतं. माझ्या लेखी सगळा फरक तिथे पडतो.

आता त्या तारखेकडे पुन्हा बघा. १२ जानेवारीला निळा मुलगा पडद्यावर मेला. १४ जानेवारीला, म्हणजे दोनच दिवसांनी, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये हजारो तरुण-तरुणी जमले. गाणी झाली, कविता झाल्या, मंत्रपठण झालं. तिथे एलएसडी होतं का? होतं, भरपूर होतं. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी येऊन (६ ऑक्टोबर १९६६) तीन महिने झाले होते, तरीही होतं. पण तिथे व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणारेही होते, नुसते गाणी ऐकायला आलेलेही होते, कुतूहलाने आलेलेही होते. दोन दिवसांपूर्वी टीव्ही पाहिलेल्या एखाद्या बापाने दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्या गर्दीचा फोटो पाहिला असेल, तर त्याला त्यात काय दिसलं असेल? प्रत्येक लांब केसांच्या डोक्याखाली निळा चेहरा.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी आधी मांडतो, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात तरुणांचा लोंढा आला. पाऊण ते एक लाखाचा अंदाज सांगितला जातो. त्यात घरातून पळून आलेली कोवळी मुलं-मुली होती. कावीळ पसरली, गुप्तरोग पसरले, एलएसडीपेक्षा कितीतरी घातक असं 'स्पीड' नावाचं उत्तेजक नसांतून घेतलं जाऊ लागलं, मुलींवर अत्याचार झाले. त्याच जूनमध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी तिथे मोफत दवाखाना उघडला, तो काही हौस म्हणून नव्हे. आपलं लेकरू त्या रस्त्यावर हरवलेल्या आईबापांना 'ड्रॅगनेट' बघून हसू आलं नसणार. त्यांच्या भीतीला मी प्रचार म्हणणार नाही. १९६७ च्याच नोव्हेंबरमध्ये या मालिकेचा एक भाग आला. त्यात एक सुशिक्षित, नीटनेटकं जोडपं गांजा ओढण्यात गुंगून जातं आणि त्यांचं तान्हं बाळ न्हाणीच्या टबात बुडतं. तो बघताना आजही पोटात गोळा येतो. मूल सांभाळणाऱ्याने शुद्धीवर असावं, यात वाद घालण्यासारखं काय आहे?

पण त्या दवाखान्याचंच उदाहरण घ्या. तो उघडला कोणी, तिथे राबलं कोण? त्याच परिसरातली, त्याच वेशातली माणसं. 'डिगर्स' नावाचा गट तिथे रोज फुकट जेवण वाढत असे. आणि ६ ऑक्टोबर १९६७ रोजी, एलएसडीबंदीला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, हेट-ॲशबरीतल्या लोकांनी स्वतःच 'हिप्पी' मेल्याचं जाहीर केलं. तिरडी काढावी तशी शवपेटी काढली. त्यांच्या शोकपत्रात हिप्पीला 'प्रसारमाध्यमांचा एकनिष्ठ पुत्र' म्हटलं होतं. इथे येऊ नका, आपापल्या गावी राहा, जे करायचं ते तिथे करा, हा त्यामागचा निरोप होता. म्हणजे नशेने आणि गर्दीने आपली वस्ती नासली हे त्यांनी फ्रायडेइतक्याच स्पष्टपणे ओळखलं होतं. 'खरं तेच दाखवतो' म्हणणाऱ्या मालिकेने असा हिप्पी कधी मध्यभागी आणला का, जो नशेविरुद्ध बोलतो, आजाऱ्याची शुश्रूषा करतो आणि तरीही केस कापत नाही? तसा माणूस दाखवला असता तर सगळं समीकरणच कोसळलं असतं.

आणि नुकसान हाच निकष असेल, तर तो सगळ्यांना सारखा लागायला नको का? १९५० च्या दशकात 'ड्रॅगनेट'चा प्रायोजक होता चेस्टरफील्ड सिगारेट. स्वतः जॅक वेब त्या जाहिरातींत दिसे. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने जानेवारी १९६४ मध्ये अधिकृतपणे सांगितलं. तीन वर्षांनी मालिका परत आली ती दुसऱ्याच धुराचा धोका सांगत. त्याहून गंभीर गोष्ट सरकारची. सीआयएने १९५३ पासून 'एमके-अल्ट्रा' नावाच्या गुप्त योजनेखाली माणसांवर एलएसडीचे प्रयोग केले. त्यातल्या काहींना आपल्याला काय पाजलं जातंय याची कल्पनाही नव्हती. खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत त्यासाठी एक घर ठेवलं होतं. हे चव्हाट्यावर आलं ते १९७५ नंतर. वेबला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं आणि त्याचा दोष मी त्याच्या माथी मारत नाही. पण आज 'फ्रायडे बरोबर होता' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक आहे. एलएसडी म्हणजे केसाळ पोरांनी सभ्य समाजात आणलेलं विष, हे चित्र त्यांनी तरी आता जसंच्या तसं उचलू नये.

दुसरा मुद्दा सभ्यतेचा. फ्रायडे आणि त्याचा जोडीदार गॅनन कोणावर हात उचलत नाहीत, लाच घेत नाहीत, आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवतात. पोलिसांनी हे हक्क सांगायलाच हवेत असं ठरवणारा मिरांडा खटल्याचा निकाल जून १९६६ चा. 'तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे' हे शब्द सामान्य अमेरिकन माणसाच्या तोंडी बसले त्यात 'ड्रॅगनेट' आणि १९६८ मध्ये आलेल्या 'ॲडम-१२' या तिच्या भावंडाचा वाटा नक्कीच आहे. पोलिसाने कसं वागावं याचा एक उंच आदर्श या मालिकांनी लोकांसमोर ठेवला. याचं श्रेय मी मनापासून देतो.

मात्र आदर्श म्हणून दाखवणं वेगळं आणि 'हे असंच आहे' म्हणून दाखवणं वेगळं. 'ड्रॅगनेट' टीव्हीवर पहिल्यांदा दिसली १६ डिसेंबर १९५१ ला. नऊ दिवसांनी, नाताळच्या पहाटे, त्याच लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी कोठडीतल्या सात तरुणांना बेदम मारलं. त्यातले पाच मेक्सिकन वंशाचे होते. २३ जून १९६७ ला त्याच शहराच्या सेंच्युरी सिटी भागात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आलेल्या हॉटेलबाहेर सुमारे दहा हजार लोकांचा युद्धविरोधी मोर्चा आला. त्यात मध्यमवर्गीय कुटुंबंही होती. पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी पिटाळलं. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर जे झालं, त्याला नंतरच्या अधिकृत चौकशी अहवालाने 'पोलिसांची दंगल' म्हटलं. तरीही त्या वेळी जनमत चाचणीत कौल पोलिसांच्या बाजूने गेला. तो मालिकांमुळेच गेला असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण ज्या घरात दर आठवड्याला विनम्र, थकलेला, प्रामाणिक फ्रायडे येऊन जातो, त्या घरात 'पोलिसांनी उगाचच मारलं' या वाक्यावर कोणाचा चटकन विश्वास बसेल?

शिकागोनंतर तीन आठवड्यांनी, १९ सप्टेंबर १९६८ ला आलेला भाग तर मुद्दाम बघण्यासारखा आहे. फ्रायडे आणि गॅनन एका टीव्ही चर्चेत भाग घेतात. समोर एक प्राध्यापक आणि एक हिप्पी. वरवर पाहता खुली चर्चा : दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रेक्षकांना प्रश्न विचारायची मुभा. हिप्पीची भूमिका हॉवर्ड हेसमनने दुसऱ्या नावाने केली होती, आणि तो सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द कमिटी' या उत्स्फूर्त नाट्य करणाऱ्या गटातला होता, म्हणजे त्या जगाला आतून ओळखणारा. तरी संवाद कोणी लिहिलेत ते लपत नाही. विरोधक तावातावाने घोषणा देतात, पोलीस शांतपणे आकडे आणि कलमं सांगतात. दोन्ही बाजूंची वाक्यं एकाच टेबलावर लिहिली गेली असतील तर त्याला वाद म्हणायचं का? पूर्वपक्ष मांडताना तो प्रतिपक्षाला आपला वाटेल इतका सच्चा मांडावा, मग खोडावा, ही आपल्याकडची जुनी शास्त्रार्थाची शिस्त आहे. इथे पूर्वपक्षच मुळात भुसा भरलेला होता.

आता मूळ मुद्दा, रीतीचा. समाजाला नियम लागतात. सिग्नलला थांबावं लागतं, कर भरावा लागतो, शेजाऱ्याची झोप मोडू नये. 'सगळी बंधनं झुगारा' म्हणणाऱ्यांची घरंही शेवटी कोणीतरी भांडी घासली म्हणूनच चालली, आणि ती घासणाऱ्या बहुधा बायकाच होत्या. हिप्पींच्या स्वातंत्र्याची ही बाजू फारशी गौरवास्पद नाही. मार्च १९६८ च्या एका भागात काही तरुण एका बेटावर स्वतःचा वेगळा देश थाटायला निघतात आणि त्यासाठी चोऱ्या करतात. फ्रायडे त्यांना सुनावतो की आधीच्या पिढ्यांनी कष्टाने बरंच काही उभं केलंय, त्याची किंमत ओळखा, धीर धरा. त्यातलं बरंचसं मला पटतं. चोरी ती चोरीच. पण बघा, त्या मुलांना देश का नकोसा झाला, हा प्रश्न त्यांनी चोरी केल्यामुळे आपोआप निकालात निघतो. गुन्हा हा तिथे कथेचा विषयच राहत नाही, तो नुसता एक फास होतो. ज्याला वेगळं जगायचं आहे त्याच्या हातून आधी एक गुन्हा घडवायचा, मग त्याच्या वेगळेपणाला बेड्या घालायच्या.

रीत मोडणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची ही चाल त्या शहरालाही नवीन नव्हती. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नौसैनिकांच्या टोळ्यांनी मेक्सिकन-अमेरिकन पोरांना गाठून मारलं, भर रस्त्यात त्यांचे कपडे उतरवले. कारण काय, तर ती सैल पायांच्या विजारी आणि लांब कोटांचा 'झूट सूट' घालत. पोलिसांनी अटक बहुतांशी मार खाणाऱ्यांनाच केली आणि नगर परिषदेने तो पोशाख घालण्यावर बंदी आणण्याचा ठराव केला. आणखी मागे जायचं तर रशियाचा पीटर द ग्रेट. त्याने १६९८ मध्ये सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या, पुढे दाढीवर कर बसवला. आणि या बाजूला आशियात, १९७० च्या दशकातलं सिंगापूर. सरकारी कचेऱ्यांत फलक लागले होते की लांब केसांच्या पुरुषांचं काम सगळ्यात शेवटी केलं जाईल. मॉस्को, लॉस एंजेलिस, सिंगापूर : तीन वेगळ्या राजवटी, तीन वेगळे काळ. कोणाच्या दाढीने किंवा विजारीने कोणाचं काय बिघडलं होतं? सत्तेला माणसाच्या मनात शिरता येत नाही, म्हणून ती हाताला लागेल ते पकडते. केस पटकन हाताला लागतात.

सगळ्या मालिका फ्रायडेच्या सुरात बोलत नव्हत्या, असं कोणी म्हणेल. बरोबर. सप्टेंबर १९६८ मध्ये एबीसीवर 'द मॉड स्क्वाड' आली. कायद्याशी खटके उडालेले तीन तरुण, त्यांतला एक लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या १९६५ च्या दंगलीत पकडलेला कृष्णवर्णीय, पोलिसांसाठी साध्या वेशात काम करू लागतात. त्यांना केसही ठेवू दिले, भाषाही ठेवू दिली, त्यांच्या डोळ्यांत दुःखही दाखवलं. अनेकांना ही मालिका उदार वाटते. मला ती 'ड्रॅगनेट'पेक्षा जास्त अस्वस्थ करते. 'ड्रॅगनेट' म्हणते, केस काप. 'मॉड स्क्वाड' म्हणते, केस राहू दे, पण आत जाऊन आम्हाला बातमी आण. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एफबीआयने 'नव्या डाव्यां'विरुद्ध, म्हणजे युद्धविरोधी आणि विद्यार्थी चळवळींविरुद्ध, गुप्त मोहीम उघडली होती : खबरे पेरणं, निनावी पत्रांनी संघटनांत भांडणं लावणं. ८ मार्च १९७१ ला पेनसिल्व्हानियातल्या मीडिया या गावच्या एफबीआय कचेरीतून काही नागरिकांनी कागद पळवले, तेव्हा तिचा सुगावा लागला. आणि या सगळ्या काळात, १९६५ ते १९७४, एफबीआयच्याच देखरेखीखाली 'द एफ.बी.आय.' नावाची मालिका दर आठवड्याला त्या संस्थेची निष्कलंक प्रतिमा घराघरांत पोहोचवत होती.

'काळच तसा होता' ही सबबही मला मान्य नाही. काळ तोच, एनबीसी वाहिनीही तीच, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथेच लेफ्टनंट कोलंबो पहिल्यांदा टीव्हीपटात दिसला. पुढे १९७१ पासून त्याची मालिकाच झाली. चुरगळलेला रेनकोट, विसकटलेले केस, खटारा गाडी. पोलीस खात्याच्या शिस्तीत न बसणारा हा माणूस लॉस एंजेलिसचाच पोलीस, आणि त्याचे खुनी कोण? नामांकित डॉक्टर, वकील, संपादक, कलावंत. दाढी घोटलेली, कपड्यांना इस्त्री, बागेत हिरवळ. कोलंबो क्रांतिकारक नव्हता, मालिकाही राजकीय नव्हती. पण माणसाच्या दिसण्यावरून त्याच्या हातांबद्दल काही कळत नाही, एवढी साधी गोष्ट ती प्रत्येक भागात दाखवत राहिली. म्हणजे दाखवता येत होती.

मी हे इतक्या तळमळीने लिहितोय त्याला घरचं कारण आहे. 'हिप्पी' हा शब्द मराठीत आला तेव्हा तो एलएसडी घेऊन आला नाही, केस घेऊन आला. गोव्यात हणजुणे-कळंगुटच्या किनाऱ्यांवर खरे हिप्पी होते आणि तिथल्या गावकऱ्यांच्या नागडेपणाविषयीच्या, नशेविषयीच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण मिरजेत कुठले हिप्पी? १९७५ च्या सुमाराला माझ्या धाकट्या काकाने कानांवर येतील इतके केस वाढवले. तो आयटीआयला जात असे, संध्याकाळी देवळात भजनाला तबला वाजवत असे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. आजोबांनी एक दिवस विचारलं, "हिप्पी झालास काय रे?" आणि दंडाला धरून गल्लीतल्या न्हाव्याकडे नेलं. मी सात वर्षांचा, मागोमाग गेलो. आजोबा छत्री टेकवून दारातच उभे राहिले. न्हावी आधी त्यांच्याकडे बघे आणि मग कात्री चालवे. काका एक शब्दही बोलला नाही. मशीनने मानेवर ओरखडा गेला, तिथे न्हाव्याने तुरटीचा खडा फिरवला.

याच आजोबांच्या दारात दर श्रावणात एक गोसावी येई. कमरेपर्यंत जटा, अंगाला राख, चिलीम भरलेली. आजोबा त्याच्या झोळीत स्वतः शिधा घालत आणि वाकून नमस्कार करत. ते ढोंगी अजिबात नव्हते. गोसाव्याच्या जटांचा अर्थ त्यांना पिढ्यानपिढ्या कोणीतरी सांगून ठेवला होता. काकाच्या केसांचा अर्थही त्यांना कोणीतरी सांगितला होता, फार दुरून, आणि ज्याने सांगितला त्याने काकाला कधी पाहिलंही नव्हतं. आजोबांनी कुठलीही अमेरिकन मालिका पाहिली नव्हती. तो शब्द तेवढा पोहोचला होता, निकालासकट.

काकाने पुन्हा केस वाढवले नाहीत. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की तो अजूनही डोळे मिटून घेतो.